ढिशुम! पण लागलं कुणाला?

ग्रुपमध्ये भांडण लावून द्यायचंय? एकदम सोप्पं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जरा सैलावलेले असताना एकच प्रश्न टाकायचा : ऑल टाइम बेस्ट अ‍ॅक्शन पिक्चर कोणता? बस्स. पुढचा तासभर आपण फक्त चहा प्यायचा आणि मजा बघायची.

आमच्या कट्ट्यावर तर पार्ट्या ठरलेल्याच आहेत. एक आयटीवाला ‘डाय हार्ड’च्या पुढे सरकायला तयार नाही. बँकेतली मैत्रीण ‘जॉन विक’ची भक्त. एकाला राजामौलीबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला खपत नाही आणि एक जण कुठूनही निघाला तरी शेवटी ‘शोले’वरच येऊन थांबतो. मग सुरू होते आकडेमोड. बजेट किती, गाड्या किती उडवल्या, हीरोनं किती जणांना लोळवलं... आणि निकाल? अर्थातच शून्य. कारण अ‍ॅक्शन आकड्यांवर ठरतच नाही, बॉस!

माझी टेस्ट एका ओळीची आहे. पडद्यावर फाइट चालू असताना स्वतःला विचारायचं, याला लागतंय का? लागत असेल तर आपण खुर्चीच्या टोकावर. लागत नसेल तर हात आपोआप मोबाइलकडे. बघा आठवून.

‘डाय हार्ड’चंच घ्या. १९८८चा पिक्चर. ब्रूस विलिसचा जॉन मॅक्लेन अनवाणी आहे, हे व्हिलनच्या लक्षात येतं आणि तो काचा फोडायला सांगतो. मॅक्लेन त्या काचांवरून पळतो. नंतर बाथरूममध्ये बसून पायातले तुकडे उपसतो आणि वॉकीटॉकीवर बोलता बोलता त्याचा आवाज कापतो. त्यानंतर तो टाकतो त्या प्रत्येक पावलाला आपला पाय आखडतो. इमारत एक, रात्र एक, माणूस एक. बजेटचा प्रश्नच कुठे आला?

इथे आमचा राजामौलीवाला उसळतो. ‘म्हणजे आमचे हीरो शंभर जणांना उडवतात ते सगळं खोटं?’ अजिबात नाही. ‘आरआरआर’मधली (२०२२) रामचरणची एंट्री आठवा. चौकीबाहेर हजारोंचा जमाव आहे आणि त्यातल्या एका माणसाला पकडून आणायचंय. हा गडी कुंपणावरून थेट गर्दीत उडी घेतो. अशक्य आहे का? शंभर टक्के! पण तो मार खातो. काठ्या बसतात, दगड बसतात, डोकं फुटतं, लोक अंगावर चढतात. गुरुत्वाकर्षणाला सुट्टी दिली तरी चालेल, वेदनेला देऊ नका, इतकंच माझं म्हणणं. ज्या मारधाडपटांत हीरोच्या शर्टाची इस्त्रीही मोडत नाही, ते इंटरव्हलच्या समोशाबरोबरच विसरले जातात.

आता दुसरा वाद, कॅमेऱ्याचा. ‘द बोर्न सुप्रीमसी’ (२००४) आठवतो? सुरुवातीला जेसन बोर्न आपल्या गोव्यात लपलेला असतो आणि तिथेच पाठलाग सुरू होतो. गदागदा हलणारा कॅमेरा आणि डोळा लवेपर्यंत बदलणारे शॉट्स. तिथे ते शोभलं, कारण बोर्नलाही आपल्यासारखंच नीट काही कळत नसतं. पण मग सगळ्या जगानं ती स्टाइल उचलली आणि कुणी कुणाला कुठे मारलं हेच दिसेनासं झालं. हीरोला फाइट जमत नसेल तर कॅमेरा हलवा, इतका स्वस्त इलाज!

त्यावर उतारा म्हणजे २०१४चा ‘जॉन विक’. त्याचा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की म्हणजे ‘द मेट्रिक्स’मधला (१९९९) कियानू रीव्ह्जचा डुप्लिकेट. मार खाण्यात उमेदवारी केलेला माणूस! त्यानं कॅमेरा मागे नेला, शॉट लांबवला आणि हीरोला अख्खा दाखवला. धाप लागलेली, पिस्तूल रिकामं होणारं, सगळं काही.

म्हणजे फास्ट कटिंग वाईट? तसंही नाही. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) दोन तासांत सुमारे २७०० शॉट्स आहेत. तरी एकदाही गोंधळ होत नाही, कारण जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट जवळपास दर वेळी फ्रेमच्या मधोमध ठेवली. डोळ्यांना शोधाशोध करावीच लागत नाही. एडिटर मार्गारेट सिक्सेलला त्यासाठी ऑस्कर मिळालं. तेव्हा प्रश्न वेगाचा नाही, दिसण्याचा आहे. दिसलं तरच लागतं.

नव्यातलं काय बघितलं, असं विचाराल तर या टेस्टमध्ये फर्स्ट क्लास मिळवणारा म्हणजे ‘किल’. निखिल नागेश भट यांचा हा पिक्चर आपल्याकडे जुलै २०२४मध्ये लागला. दिल्लीला निघालेली ट्रेन, डब्यात शिरलेले दरोडेखोर आणि एक कमांडो. दोन बर्थच्या मधल्या चिंचोळ्या बोळात हात उचलायला जागा नाही, तिथे फाइट! पण मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. एक मेला की दुसरा धाय मोकलून रडतो. फुकट मरायला आणलेली गुंडांची पलटण इथे नाहीच, लागतं ते दोन्हीकडे. रक्त मात्र जरा जास्तच सांडलंय, तेव्हा जेवण आधी उरका, हा प्रेमळ सल्ला.

‘मिशन इम्पॉसिबल : द फायनल रेकनिंग’ (२०२५) मात्र पास क्लासवर सुटला. पहिल्या अर्ध्या भागात सगळे एकमेकांना प्लॉट समजावून सांगत बसतात. पण त्या छोट्या विमानाला लटकलेला टॉम क्रूझ! वाऱ्यानं चेहरा असा काही वाकडातिकडा होतो की तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. तो स्वतः लटकलाय, हे आपल्याला ठाऊक असतं. आणि त्याला तसं सांगायलाही आवडतं!

...आणि इथेच माझ्या टेस्टचा खरा पेच आहे. टॉम क्रूझनं उडी मारली तर जगभर बातमी होते. बाकीच्या उड्या कोण मारतं?

आमच्या ‘शोले’वाल्याला मी हेच विचारलं. बसंतीचा टांगा कुणी हाकला? ‘हेमामालिनीनं, अजून कुणी!’ नाही. १९७५च्या त्या पिक्चरमध्ये पाठलागाच्या धोक्याच्या शॉट्समध्ये रेश्मा पठाण होत्या. शूटिंगमध्ये टांगा उलटला, त्यांना दुखापत झाली आणि तरीही त्यांनी काम पुरं केलं. पुढे २०१९मध्ये त्यांच्यावर ‘द शोले गर्ल’ नावाचा पिक्चर आला. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं! तोवर डाकूंपासून पळताना आपण टाळ्या हेमामालिनीलाच देत होतो.

तसा आपल्या मुंबईचा इतिहास याहून जुना आहे. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’नं (१९३५) फिअरलेस नादियाला स्टार केलं. मूळची ऑस्ट्रेलियाची ही बाई घोडे दौडवायची, चाबूक चालवायची आणि ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) धावत्या ट्रेनच्या टपावर मारामारी करायची. तीही स्वतः! ‘किल’ची पणजीच म्हणा ना.

जॅकी चॅनचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) तो मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून सरकत खाली येतो. हात भाजले, पाठीला मार बसला. त्याच्या कितीतरी पिक्चरांत शेवटी टायटल्सबरोबर फसलेले शॉट्स दिसतात. पडलेला जॅकी, कळवळणारा जॅकी आणि स्ट्रेचरवरचे त्याचे साथीदारसुद्धा. बिल कुणी भरलं, ते तिथे उघड मांडलेलं असतं.

आपल्याकडे हे बिल भरणाऱ्यांना इंडस्ट्रीत ‘फाइट मास्टर’ म्हणतात आणि त्यांची पुढची पिढी तुम्ही रोज बघता. दोन मोटरसायकलींवर पाय ठेवून ‘फूल और काँटे’मध्ये (१९९१) एंट्री घेणारा अजय देवगण हा फाइट मास्टर वीरू देवगण यांचा मुलगा. विकी कौशलचे वडील अ‍ॅक्शन डायरेक्टर शाम कौशल. गाड्या उडवणारा रोहित शेट्टी हा टकल्या शेट्टींचा, म्हणजे फाइट मास्टर आणि व्हिलन एम. बी. शेट्टींचा चिरंजीव. वडिलांची नावं टायटल्समध्ये भुर्रकन गेली, मुलांची पोस्टरवर आली.

पुरस्कारांचं म्हणाल तर राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅक्शन डायरेक्शनचा समावेश झाला तो २०१७मध्ये. पहिला मान ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम पिक्चरसाठी पीटर हेन यांना. ऑस्करवाले तर याहून सुस्त. त्यांनी स्टंट डिझाइनची कॅटेगरी २०२५मध्ये जाहीर केली, ती लागू होणार २०२७च्या पिक्चरांना आणि पहिली बाहुली मिळणार २०२८मध्ये, शंभराव्या सोहळ्यात. मेकअपला आणि कपड्यांना कधीपासून ऑस्कर आहे. जिन्यावरून गडगडत येणाऱ्याला नव्हतं.

आणि हे फक्त टाळ्यांचं प्रकरण नाही हो. जुलै २०२५मध्ये तमिळनाडूत नागपट्टिणम जिल्ह्यात एका तमिळ पिक्चरचं शूटिंग चालू होतं. गाडी उलटवण्याचा स्टंट करताना एस. एम. राजू या स्टंटमनचा जीव गेला. त्यानंतर अक्षय कुमारनं शेकडो स्टंट कलाकारांच्या विम्याची सोय केल्याच्या बातम्या आल्या. चांगलंच केलं. पण एखाद्या हीरोला वाटलं म्हणून विमा मिळावा, हे काही बरोबर नाही ना? आपल्या ऑफिसात मेडिक्लेम बॉसच्या मूडवर ठरला तर आपण दुसऱ्या दिवशी एचआरच्या केबिनबाहेर उभे राहू. इथे तर माणसं पडण्याचाच पगार घेतात.

म्हणून आमच्या कट्ट्यावर मी आता नवा नियम काढलाय. फेव्हरेट पिक्चर कुठलाही सांगा, पण सोबत त्याच्या फाइट मास्टरचं नाव सांगायचं. नाही आलं तर सगळ्यांचा चहा तुमच्याकडून! गेल्या दोन शुक्रवारी माझा चहा फुकट झालाय.

तुम्हीही खेळून बघा. आणि हो, या वीकेंडचं होमवर्क : शनिवारी ‘किल’, रविवारी ‘पोलीस स्टोरी’. संपल्यावर लगेच रिमोट उचलू नका. ती बारीक अक्षरांतली नावं वर सरकतात ना, तेवढी वाचा. एवीतेवी पॉपकॉर्नच्या तळाशी चार दाणे उरलेलेच असतात.