आफ्रिकेत शर्यत हवी, ती क्यालामीवर

फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपदाची आफ्रिकेतली शेवटची शर्यत 14 मार्च 1993 रोजी जोहान्सबर्गजवळच्या क्यालामी सर्किटवर झाली. त्यानंतर ही स्पर्धा मलेशिया, बहरीन, चीन, तुर्कस्तान, सिंगापूर, दक्षिण कोरिया, भारत, अझरबैजान, सौदी अरेबिया, कतार असा मोठा फेरा मारून आली. वर्षाला 24 शर्यती होतात, पण आफ्रिकेच्या वाट्याला त्यांतली एकही नाही. लुईस हॅमिल्टनने हा विषय कित्येक वर्षे लावून धरला आहे आणि त्याचे म्हणणे आम्हाला मनापासून पटते. आफ्रिकेत शर्यत व्हायलाच हवी. मात्र ती कुठे व्हावी आणि कोणत्या अटींवर, याचा विचार ट्रॅकवर उभे राहून काम करणाऱ्यांनी करायला हवा. मार्शल, स्क्रूटिनियर, टाइमकीपर, मेकॅनिक असलेल्या आमच्या वाचकांसाठी म्हणूनच हे लिहीत आहोत.

आफ्रिकेला ‘नवा खंड’ म्हणणेच मुळात चूक आहे. 1958 चे अजिंक्यपद मोरोक्कोत, कासाब्लांकाच्या शर्यतीत ठरले. 1962 चे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनला ठरले. 1967 साली क्यालामीवर र्‍होडेशियाचा जॉन लव्ह जुन्या कूपर गाडीतून शर्यत जिंकण्याच्या बेतात होता. शेवटच्या टप्प्यात इंधनासाठी थांबावे लागले आणि तो दुसरा आला. जोडी शेक्टर 1979 चा विश्वविजेता. ब्रॅबम आणि मॅक्लारेनच्या गाड्या घडवणारा गॉर्डन मरे डर्बनचा, तर शूमाकरच्या विजेत्या बेनेटन आणि फेरारी गाड्यांचा अभिकल्पक रोरी बर्न प्रिटोरियाचा. केनियातली सफारी रॅली 1953 पासूनची. ती तीनदा जिंकणारे जोगिंदर सिंग आणि पाचदा जिंकणारे शेखर मेहता हे पूर्व आफ्रिकेत वाढलेले भारतीय वंशाचे चालक होते. ही रॅली 2021 मध्ये जागतिक मालिकेत परतली, तेव्हा तिथे माणसे नव्याने शोधावी लागली नाहीत.

आता दावेदार पाहू. डिसेंबर 2024 मध्ये एफआयएचा वार्षिक पारितोषिक सोहळा रवांडाच्या किगालीत झाला आणि राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांनी तिथेच आपल्या देशाची दावेदारी जाहीर केली. नव्या विमानतळाजवळ नवे सर्किट उभारायचे, अशी ती योजना. पुढच्याच महिन्यात एम23 बंडखोरांनी काँगोतले गोमा शहर घेतले. या बंडखोरांना रवांडाचे पाठबळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहे. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी रवांडाशी बोलणी थांबवा, असे पत्र फॉर्म्युला वनला लिहिले. ते योग्यच होते. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत हा खेळ 1985 पर्यंत जात राहिला. त्या वर्षी रेनॉ आणि लिजिए या फ्रेंच संघांनी शर्यतीला जायचे नाकारले, तेव्हा कुठे इतरांना अवघडल्यासारखे झाले. तो डाग पुसायचा असेल, तर आफ्रिकेतले पुनरागमन पुन्हा कुणा राजवटीची प्रतिमा उजळण्यासाठी होता कामा नये.

रवांडाच्या दावेदारीला आमचा दुसरा आक्षेप धंद्याच्या अंगाने आहे, आणि तो आपल्याकडच्या अनुभवातून आला आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011, 2012 आणि 2013 अशा तीनच शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. सर्किट उत्तम होते, चालकांना आवडले होते. पण फॉर्म्युला वनचा हिशोबच असा की आयोजकाने भरघोस यजमान शुल्क द्यायचे, ट्रॅकभोवतीच्या जाहिराती आणि बड्या पाहुण्यांच्या कक्षांचे उत्पन्न बहुतांशी फॉर्म्युला वनने घ्यायचे आणि आयोजकाच्या हाती मुख्यतः तिकिटांचा पैसा उरायचा. म्हणून बहुतेक देशांत सरकार तूट भरून काढते. आपल्याकडे सगळा भार एका खासगी बांधकाम समूहावर होता. त्यात उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानले आणि करमणूक कर लावला. आयात होणाऱ्या गाड्या आणि सामानाच्या सीमाशुल्कावरूनही वाद झाले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सर्किट फॉर्म्युला वन कंपनीचे भारतातले कायमस्वरूपी आस्थापन ठरवून कराची बाब स्पष्ट केली, पण तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षे होत आली होती. दक्षिण कोरियाच्या येओंगाम सर्किटचीही गत तीच. तिथली शर्यत 2010 ला सुरू, 2013 नंतर बंद. मोकळ्या जमिनीवर सर्किट आधी आणि खेळ मागून, असा उलटा क्रम लावला की काय होते, हे या दोन ठिकाणी दिसले.

क्यालामीचे तसे नाही. तिथला खेळ फॉर्म्युला वन गेल्यावरही थांबला नाही. 2014 मध्ये सर्किट लिलावात निघाले, तेव्हा टोबी व्हेंटर यांनी ते 20 कोटी 50 लाख रँडला घेतले आणि नव्याने बांधून काढले. 2019 मध्ये तिथली प्रसिद्ध नऊ तासांची शर्यत आंतरराष्ट्रीय जीटी मालिकेत परतली. सर्किटची लांबी 4.522 किलोमीटर. त्याला प्रथम श्रेणीची मान्यता मिळावी म्हणून आखलेल्या सुधारणांना एफआयएने जून 2025 मध्ये संमती दिली आणि काम पुरे करायला तीन वर्षांची मुदत दिली. रन-ऑफ वाढवणे, कठडे, कुंपण, निचरा अशी ही कामे आहेत; मूळ आखणी मोडावी लागणार नाही. शिवाय हे सर्किट समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे गाडी थंड ठेवणे अवघड जाते आणि डाउनफोर्सही घटतो. 1979 मध्ये रेनॉच्या टर्बो इंजिनाने पहिली पोल पोझिशन मिळवली ती इथेच, कारण हवा विरळ असली की टर्बोला झुकते माप मिळते. अशा जागी इंजिनीअरांची खरी परीक्षा होते.

क्यालामीने या खेळाला दिलेला सर्वांत मोठा धडाही मार्शलांचा आहे. 5 मार्च 1977 रोजी रेन्झो झोर्झीची बंद पडलेली शॅडो गाडी किरकोळ पेटली. पिट भिंतीकडून दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावले. त्यांतला दुसरा, एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक यान्सेन व्हॅन व्ह्यूरेन, हातात अग्निशामक घेऊन धावत होता. चढावापलीकडून गाडी घेऊन येणाऱ्या टॉम प्राइसला तो दिसणे शक्यच नव्हते. तो मार्शल आणि प्राइस, दोघेही जागीच गेले. शौर्य होते, शिस्त आणि प्रशिक्षण नव्हते. ती तयारी शर्यतीच्या आठवड्यात करून भागत नाही. स्थानिक शर्यतींच्या शनिवार-रविवारी, वर्षानुवर्षे, उन्हातान्हात झेंडे धरून ती होते. बुद्ध सर्किटवर 2011 च्या पहिल्या सरावातच ट्रॅकवर कुत्रा आला आणि सत्र थांबवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पण त्या तीन वर्षांत आपल्याकडे जे मार्शल तयार झाले, त्यांच्यासाठी पुढे तशा दर्जाचे काम फारसे उरले नाही. 2023 मध्ये मोटोजीपी एकदाच आली आणि गेली.

म्हणून फॉर्म्युला वनने क्यालामीशी करार करताना शुल्काच्या आकड्याबरोबर इतर गोष्टीही ठरवाव्यात. करार किमान दहा वर्षांचा असावा. पहिल्या काही वर्षांचे शुल्क उतरते ठेवावे, म्हणजे तिकिटे सोवेटो आणि टेम्बिसातल्या कुटुंबांना परवडतील अशा दराची राहतील. केपटाउनचे किलार्नी आणि प्रिटोरियाचे झ्वार्टकॉप्स इथल्या कार्टिंग आणि प्रशिक्षणाला शुल्कातला ठरावीक वाटा लिहून द्यावा. केनिया, झिंबाब्वे, मोझांबिकच्या अधिकाऱ्यांना या शर्यतीत प्रत्यक्ष जबाबदारीच्या जागा मिळाव्यात. युरोपातली एखादी शर्यत एक वर्षाआड करावी लागली, तरी हरकत नाही. बेल्जियमच्या स्पाने ते मान्य केलेच आहे. 24 शर्यतींच्या पलीकडे मेकॅनिकांना पिळणे मात्र चालणार नाही.

आणि आपल्या महासंघाने वाट पाहत बसू नये. बुद्ध सर्किटवर घडलेल्या मार्शलांची आणि स्क्रूटिनियरांची यादी काढून ती दक्षिण आफ्रिकेच्या महासंघाकडे आत्ताच पाठवावी, आणि पहिल्या शर्यतीसाठी आपली माणसे देऊ करावीत. पुणे, नाशिक, कोल्हापुरातल्या ज्यांनी त्या तीन वर्षांत नोएडात काम केले, त्यांनी आपली नावे आमच्याकडे कळवावीत. ती महासंघापर्यंत पोहोचवण्याचे काम आम्ही करू.