केसपेपरच्या रांगेत घ्यायची परीक्षा

डिजिटल आरोग्यसेवा लोकांना कितपत कळतात आणि वापरता येतात, हे मोजायचंच कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. काटोलचा बागायतदार संत्र्याचा भाव मोबाइलवर पाहतो, मग डॉक्टरचा नंबरही मोबाइलवर लावेलच, आज नाही तर उद्या, असा त्यांचा हिशेब. शिवाय २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचे, क्रमांक कोट्यवधींनी निघाले. याहून वेगळा पुरावा हवा कशाला? पण निघालेले क्रमांक मोजून यंत्रणेने किती काम केलं एवढंच कळतं. चौदा आकडी क्रमांक शिबिरातही काढून मिळतो. तो ज्याच्या नावावर आहे त्याला त्यातून स्वतःचा रिपोर्ट उघडता येतो का, याबद्दल ती संख्या काहीच सांगत नाही. ‘आज नाही तर उद्या’ची किंमत आपण २०२१ मध्ये मोजली आहे. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला कोविडची लस हवी तर कोविन पोर्टलवर आधी नोंदणी सक्तीची झाली आणि तेव्हा ते पोर्टल मराठीत नव्हतं. ज्यांची बोटं चपळ होती त्यांनी वेळा पटकावल्या आणि शहरातली मंडळी गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर पोचली. सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांची नोंदणी करायला मुभा मिळाली ती २४ मे रोजी. लोकांना काय जमतं हे आधी तपासलं असतं, तर हे तीन आठवडे वाचले असते.

मोजायला हवं हे मान्य असणाऱ्यांचीही एक सोपी वाट आहे, आणि माझा खरा वाद तिच्याशी आहे. ती म्हणजे प्रश्नावली. नॉर्मन आणि स्किनर या कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये आठ विधानांची एक मोजपट्टी केली. आरोग्याची माहिती इंटरनेटवर कुठे मिळते ते मला ठाऊक आहे, अशा धर्तीच्या विधानांना एक ते पाच गुण द्यायचे आणि बेरीज करायची. सुटसुटीत असल्याने ती जगभर चालली. पण नेदरलँड्समध्ये २०११ साली तपासणी झाली तेव्हा या पट्टीवरचे गुण आणि प्रत्यक्ष दिलेली कामं पार पाडण्याची क्षमता यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. नवल नाही, ती पट्टी मोजते आत्मविश्वास. समोर कागद घेऊन बसलेल्या सरकारी माणसाला ‘मला येत नाही’ सांगायला आपल्याकडे किती जण धजतील? उलट, रोज इंटरनेट वापरणारी एखादी सावध बाई स्वतःला कमी गुण देईल, कारण तिथे काय काय फसवं असतं ते तिला ठाऊक असतं.

म्हणून करून दाखवायला सांगावं. काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडीच्या दिवशी, केसपेपरच्या रांगेतल्या माणसाला त्याच्याच फोनवर, मराठीत, तीन-चार कामं द्यावीत. क्यूआर कोड स्कॅन करून नंबर घ्यायचा. नमुन्याच्या रिपोर्टमध्ये शुगरचा आकडा शोधायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेत आहे का ते सांगायचं. माझी माहिती कुणाला दिसावी याची परवानगी मागणारा मजकूर वाचून, त्यात आपण कशाला ‘हो’ म्हणतोय हे सांगायचं. आणि कुठे अडलं ते टिपायचं, कारण खरी माहिती अडण्यात आहे. आधारवरून आभा काढताना ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा असेल, तर म्हातारी कितीही हुशार असो, तिचं काम तिथेच थांबतं. कुठलीही प्रश्नावली हा अडथळा पकडणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. घरात नातू आहे, गावात आशाताई आहे. एकट्या माणसाची परीक्षा घेणं म्हणजे आपल्या समाजाची रीतच न ओळखणं. आक्षेप अर्धा खरा आहे. मदत घेऊन काम झालं तर ते झालंच समजावं, पण मदत कुणाची घेतली हेही लिहावं. नातवाच्या हातात आजीचा रिपोर्ट चालेल. सुनेच्या गर्भारपणाचा किंवा कुणाच्या क्षयाचा रिपोर्ट कुणाच्याही हातात चालेल असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. म्हणजे उसनवारी कुणाकडून कुणाकडे होते ते उघड आहे. तेही १५ ते ४९ वयातले. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला रांगेत उभी राहणारी साठीची माणसं त्या आकड्यात नाहीतच.

परीक्षेने गरीब माणूस ओशाळेल, असंही म्हणतात. नापास कुणाला ठरवायचं यावर ते अवलंबून आहे. २०२१ मध्येच महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. वर्षानुवर्षं रजिस्टरं चोख ठेवणाऱ्या बायका अडाणी नव्हत्या. दहातले सात जण एकाच पडद्यावर अडत असतील, तर ती नोंद त्या सात जणांच्या नावावर न टाकता पडदा बनवणाऱ्याच्या नावावर टाकावी, तो बदलून घ्यावा आणि त्याच ओपीडीत, त्याच वयाच्या माणसांवर पुन्हा तपासावा. तोवर केसपेपरची कागदी खिडकी बंद करू नये.