ट्रंकेतली मुठिया

घाटकोपरची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरची दादांची ट्रंक खाली आली. तिच्यात जुनी रेशनकार्डं, एक गुंडाळलेली जानमाज आणि एक जड लाकडी वस्तू होती. फूटभर लांब, मध्ये मुठीत मावेल एवढी बारीक, दोन्ही टोकांना गोल आणि जाड. चाचा म्हणाले, दादा तालमीत जात असतील, हे डंबेल असणार. अम्मीच्या मते मसाला कुटायचा दस्ता. फोनवरच्या इमेज सर्चनेही ‘व्यायामाचं जुनं डंबेल’ असंच सांगितलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्याने लिहिलेला, कागदपत्र नसलेला कोड समोर आला की तो काय करतो हे खाणाखुणांवरून शोधावं लागतं. इथेही खुणा होत्या. डंबेलची जोडी असते, हे एकच होतं. दस्ता असता तर टोकाचा तळ झिजला असता. तळ गुळगुळीत होता आणि झीज होती गोल टोकाच्या आतल्या कडेला, जिथे ते मधल्या दांड्याला मिळतं. तिथे बारीक खाचा पडल्या होत्या. म्हणजे या कडेने कुठली तरी ताणलेली दोरी हजारो वेळा खेचून सोडली होती.

बाजारात गाद्या भरणारे एक वृद्ध बसतात. त्यांच्या हातात ती दिली. त्यांनी काही विचारलं नाही. मधोमध पकडली, डावा हात काहीतरी धरल्यासारखा पुढे केला आणि उजव्या मनगटाला झटका दिला. मग म्हणाले, “मुठिया है. धुनकी किधर है?”

धुनकी म्हणजे पिंजाऱ्याची माणसाएवढी कमान. ती छताला टांगायची, आतड्याची तात कापसाच्या ढिगाला टेकवायची आणि मुठियाने तातेला झटका द्यायचा. तात थरथरते, कापसाचे तंतू सुटे होतात, कचरा खाली गळतो. खांद्यावर कमान घेऊन तातेचा टणत्कार करत गल्लीतून जाणारा पिंजारी ज्यांनी पाहिला, ती पिढी आता साठीपुढची आहे. नंतर विजेवर चालणारं पिंजणयंत्र आलं, मग फोमच्या गाद्या आल्या.

गांधीजींनी कापूस पिंजण्याचे पहिले धडे १९१७ मध्ये मुंबईत, गावदेवीच्या मणिभवनात असताना घेतले. शिकवणारा होता रस्त्याने जाणारा एक पिंजारी. शाळेत आपण चरखा शिकलो, पण पिंजल्याशिवाय पेळू होत नाही आणि पेळूशिवाय चरखा फिरवून काही उपयोग नाही, हे कोणी सांगितलं नाही.

आडनावांतही हे काम बसलेलं आहे. ‘नदाफ’ हा अरबी ‘नद्दाफ’, म्हणजे कापूस पिंजणारा. ‘मन्सुरी’ हे नाव मन्सूर हल्लाजशी जोडलं जातं. ‘हल्लाज’चा अर्थही कापसाचं काम करणारा असाच. (खरं तर मन्सूर हे त्याच्या वडिलांचं नाव.) इ.स. ९२२ मध्ये बगदादमध्ये देहदंड झालेल्या त्या सूफीचं नाव आपल्याकडच्या पिंजाऱ्यांनी जपलं. आमच्या घराने मात्र ते जपलं नाही. अब्बांना शाळेत घालताना दादांनी ‘शेख’ लिहून दिलं. शहरात खोली मिळवायची होती, पोरांची लग्नं करायची होती. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. माझ्या चुलत बहिणीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात प्रमाणपत्र हवं होतं. महाराष्ट्रात ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडचे दाखले एकतर ‘शेख’ म्हणत होते, नाहीतर जातीच्या रकान्यात नुसतंच ‘मुसलमान’. असे दाखले हजारो घरांत आहेत. मंडल आयोगानंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीपकुमार त्यासाठी सभांना गेले. त्यामागे हाच प्रश्न होता की व्यवसायाने मागास असलेला माणूस केवळ धर्माच्या रकान्यात का अडकावा.

मुठिया कुठल्याही समितीपुढे पुरावा म्हणून चालत नाही. पण कुठे शोधायचं आणि काय शोधायचं, हे तिने सांगितलं. जळगाव जिल्ह्यातल्या मूळ गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, तोवर ‘शेख’ या नावाने धुंडाळली जात होती. ‘पिंजारी’ म्हणून पाहिल्यावर दादांच्या जन्माची नोंद निघाली. बापाच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं: पिंजारी.

हे ऐकून आमच्याच नातेवाइकांत कुरकुर झाली. इस्लाममध्ये जात नसते, मग हे उकरून का काढायचं? इस्लाममध्ये नसते, हे खरं. पण रिश्ता ठरवताना ‘कौन बिरादरी?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, हेही तितकंच खरं. जात लपवल्याने विषमता जात नाही. आपल्या हातातला कागद तेवढा जातो. आणि लाज कशाची? आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज सुलतान किंवा सरदार नव्हते, कारागीर होते. सोशल मीडियावर बादशाहांच्या तलवारींचे फोटो टाकणाऱ्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात.

त्या कामाचे गोडवे मला गायचे नाहीत. कापसाची धूळ रोज फुप्फुसात जायची. दादांचा खोकला आम्ही मुलं विडीच्या खात्यावर टाकायचो. कमान सोडून ते मुंबईला आले, ते बरंच झालं. काम संपावं, पण त्याची ओळखही सोबत पुसली जावी असं नाही.

इमेज सर्च चुकलं यात नवल नाही. यंत्राला तेवढंच कळतं, जेवढं कोणीतरी फोटो काढून, नाव लिहून ठेवलेलं असतं. विलायती डंबेलांचे फोटो लाखांनी आहेत. खानदेशातल्या पिंजाऱ्याची मुठिया मराठीत नाव लिहून कोणी टाकली? ते काम संग्रहालयं करतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण वस्तू आपल्या माळ्यांवर आहेत.

मालेगाव-भिवंडीच्या मोमीन घरात धोटा असेल, शिकलगाराकडे धार लावायचं चाक, अत्तारांकडे तोळ्या-माशांची वजनं. फोटो काढा, लांबी आणि वजन लिहा, झीज कुठे आहे ते जवळून टिपा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हातात ती वस्तू द्या आणि तो ती कशी धरतो याचा व्हिडिओ घ्या. नाव घरात जे चालतं तेच लिहा, शुद्ध करू नका. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या चाळी रिकाम्या होताहेत आणि भंगारवाला लाकूड किलोवर घेतो.