वय आडवे येते, त्याहून उशीर

‘साठी उलटली, आता कसले प्रत्यारोपण?’ असे म्हणत मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात अनेक कुटुंबे माघार घेतात. उतारवयात रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी कमी मिळतात, हे खरे. पण प्रतिकिलो वजनामागे लागणाऱ्या किमान २० लाख पेशी साठीनंतरही बहुतेकांकडून मिळू शकतात. लेनालिडोमाइड हे औषध दीर्घकाळ घेतल्यावर मात्र संकलन अवघड होते. म्हणून उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच पेशी गोळा करून गोठवलेल्या बऱ्या.

त्यासाठी निदान वेळेत हवे. सिकलसेल आणि कुपोषणाच्या नंदुरबारमध्ये वृद्धांचा रक्तक्षय व पाठदुखी नेहमीचीच समजली जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या अशा रुग्णांची सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी व्हायलाच हवी. वयाचा निर्णय प्रत्यारोपण केंद्रावर सोपवावा.