आपल्यासाठी कोणी मरू नये

काराकोरम पर्वतराजीतील हुशे खोऱ्यात लैला नावाचे एक शिखर आहे. उंची सहा हजार मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे त्या प्रदेशाच्या मानाने बेताचीच. आकार मात्र भाल्याच्या पात्यासारखा. २८ जुलै २०२५ रोजी भर दुपारी या शिखरावर, सुमारे ५,७०० मीटर उंचीवर, वरून सुटलेल्या दगडांचा मारा झाला आणि त्यात लाउरा डालमायर या जर्मन क्रीडापटूचा अंत झाला. वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्यास तीन-साडेतीन आठवडे उरले होते. सोबतच्या गिर्यारोहक मैत्रिणीने मदतीसाठी संदेश पाठविला, जवळ पोहोचण्याची शिकस्त केली आणि अखेर रात्रीच्या अंधारात तिला एकटीनेच खाली उतरावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरमधून पाहणी झाली. जिवंतपणाची कोणतीही खूण दिसली नाही. त्या संध्याकाळी बचावकार्य थांबविण्यात आले. डालमायर यांनी आधीच लेखी नमूद करून ठेवले होते की, असा प्रसंग ओढवल्यास आपल्याला सोडविण्यासाठी कोणीही स्वतःचा जीव धोक्यात घालू नये आणि आपला देह पर्वतावरच राहू द्यावा.

या घटनेनंतर जर्मनीत शोक झाला, तो स्वाभाविकच होता. त्याबरोबर अशा वेळी नेहमी उमटतो तो सूरही उमटला. दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या, साऱ्या देशाच्या लाडक्या खेळाडूने आपले आयुष्य दगडधोंड्यांच्या हवाली का करावे? घरी बसून कीर्ती उपभोगता आली नसती काय? प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण विजेत्या खेळाडूवर आपला काही हक्क आहे आणि त्याने जगावे कसे हेही आपणच ठरवावे, अशी एक समजूत त्यामागे दडलेली असते. डालमायर यांचे सारे आयुष्य या समजुतीला उत्तर देण्यात गेले असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

ज्या खेळात त्यांनी नाव मिळविले तो बायथलॉन आपल्याकडे फारसा परिचित नाही. बर्फावरून लांब पट्ट्यांवर घसरत धावायचे, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल वागवायची आणि मध्येच थांबून पन्नास मीटरांवरील पाच लक्ष्ये टिपायची, असा हा प्रकार. नॉर्वेच्या सैनिकांच्या कवायतीतून तो निघाला. १९२४ च्या शामोनी येथील हिवाळी क्रीडोत्सवात लष्करी गस्तीची शर्यत झाली होती. आजच्या स्वरूपातील बायथलॉन पुरुषांसाठी १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये आला आणि स्त्रियांना त्यासाठी १९९२ पर्यंत वाट पाहावी लागली. खेळाची खरी मेख आहे ती त्याच्या अंतर्विरोधात. धावताना हृदय मिनिटाला पावणेदोनशे ठोक्यांच्या आसपास जाते, छाती भात्यासारखी चालते. आणि त्याच अवस्थेत आडवे पडून ४५ मिलिमीटरच्या, किंवा उभ्याने ११५ मिलिमीटरच्या वर्तुळाचा वेध घ्यायचा असतो. चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे दीडशे मीटरांचा दंडाचा फेरा, आणि दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत तर वेळेत पुरा एक मिनिट वाढतो. नुसता जोर असलेला येथे हरतो आणि नुसता नेम असलेलाही हरतो. जिंकतो तो, वेग कोठे सोडून द्यायचा हे ज्याला नेमके कळते.

डालमायर यांना ते विलक्षण लवकर कळले. २२ ऑगस्ट १९९३ रोजी गार्मिश-पार्टेनकिर्शेन या बव्हेरियातील गावी त्यांचा जन्म झाला. १९३६ चे हिवाळी ऑलिंपिक भरले ते हेच गाव. जर्मनीतील सर्वोच्च शिखर त्सुगश्पिट्झे त्याच्या उशाशी उभे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्या उतरल्या तेव्हा त्यांना पदक मिळाले नाही. पण २०१७ मध्ये ऑस्ट्रियातील होखफिल्त्सेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सहा शर्यतींत भाग घेऊन पाच सुवर्ण आणि एक रौप्य पदक पटकावले. एकाच जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णपदके हा पराक्रम त्यापूर्वी कोणत्याही बायथलॉनपटूला साधलेला नव्हता. त्याच हंगामात विश्वचषकही त्यांच्याकडे आला. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातील प्यॉंगचँग येथे १० फेब्रुवारीच्या रात्री साडेसात किलोमीटरच्या शर्यतीत त्यांच्या दहाही गोळ्या लागल्या आणि त्या क्रीडोत्सवातील जर्मनीचे पहिले सुवर्णपदक त्यांच्या गळ्यात पडले. दोनच दिवसांनी, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, पाठलागाच्या शर्यतीतही त्या पहिल्या आल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. नंतर दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत त्यांची एक गोळी चुकली आणि कांस्यपदक आले. वीसही गोळ्या अचूक मारणारी स्वीडनची हाना ओबर्ग त्या दिवशी विजेती ठरली.

येथपर्यंतची कहाणी कोणत्याही मोठ्या विजेत्याची असते तशीच आहे. वेगळेपण सुरू होते ते यानंतर. २०१८ च्या उन्हाळ्यापासून आजारपणाने त्यांची पाठ धरली आणि पुढच्या हंगामाच्या आरंभीच्या शर्यती हुकल्या. तरीही परतून त्यांनी ओस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत पदके मिळविली. आता पुन्हा पूर्वीची लय सापडेल असे सर्वांना वाटत असतानाच, मे २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. कारण साधे होते. या खेळासाठी लागणारी पूर्वीची ओढ आता आपल्यात उरलेली नाही, असे त्यांनी सांगून टाकले.

जेथे हिवाळ्यातील शनिवार-रविवार बायथलॉन पाहण्यातच जातात, त्या देशाला हे पचणे सोपे नव्हते. शेजारच्याच वालगाऊ गावची माग्दालेना नॉयनर २०१२ मध्ये अशीच पंचविसाव्या वर्षी निघून गेली होती. तो घाव ताजाच होता. याच खेळातला नॉर्वेचा ओले आयनार ब्यॉर्नडालेन चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत स्पर्धेत राहिला आणि तेरा ऑलिंपिक पदके घेऊन निवृत्त झाला. त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तेवीस-चोविसाव्या वर्षी सर्व काही मिळविलेल्या माणसाने आणखी वीस वर्षे तेच मिळवीत राहावे, असा काही नियम नाही. त्यातही जर्मनीत खेळाडूचा पगार बहुधा सरकारच देते. सीमाशुल्क खाते, लष्कर, संघीय पोलीस यांच्या नोकरीत राहून हे खेळाडू सराव करतात आणि डालमायर याही सीमाशुल्क खात्यातच होत्या. अशी सुरक्षित चाकोरी उपलब्ध असताना ती सोडण्यास धैर्य लागते. पदके मोजणाऱ्यांना त्याची किंमत कळत नाही, हे मात्र सर्वच देशांत सारखे आहे.

त्या बाहेर पडल्या त्या विसाव्यासाठी नव्हे. डोंगर हे त्यांचे पहिले प्रेम होते आणि शर्यतींच्या वेळापत्रकामुळे त्याला दुय्यम स्थान मिळाले होते. त्यांनी क्रीडाशास्त्राचा अभ्यास केला, दूरचित्रवाणीवर या खेळाचे समालोचन केले, अवघड मानली जाणारी पर्वत-मार्गदर्शकाची परीक्षा देऊन अधिकृत परवाना मिळविला. नेपाळमधील आमा दब्लाम हे शिखर त्यांनी पायथ्यापासून पायथ्यापर्यंत अतिशय कमी वेळात सर केले. लैलावर जाण्यापूर्वी, त्याच जुलैमध्ये, काराकोरममधीलच ग्रेट ट्रँगो टॉवर हा प्रचंड सुळका त्यांच्या पायाखाली आला होता. म्हणजे अनुभवाचा अभाव, उतावीळपणा किंवा प्रसिद्धीची हाव हे नेहमीचे आरोप येथे लागू पडत नाहीत. उन्हाने बर्फ सैलावले की त्यात रुतलेले दगड सुटतात आणि त्यांना खाली ऑलिंपिक विजेती आहे की नवशिका हे समजत नाही. हा धोका कौशल्याने कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही. तो पत्करावा की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो आणि त्याचे उत्तर चुकीचे ठरू शकते, हेही मान्य केले पाहिजे. मागे राहिलेल्या आईवडिलांना या तत्त्वचर्चेने काय सांत्वन मिळणार?

पण स्वतःचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मागणारी पुष्कळ माणसे एक गोष्ट सोयिस्करपणे विसरतात. त्यांना वाचविण्यासाठी इतरांना तोच जीव पणाला लावावा लागतो. सहा हजार मीटरांवर हवा इतकी विरळ असते की, हेलिकॉप्टरला तेथे स्थिर राहणेही दुरापास्त होते. पायी जाणाऱ्या पथकावर तेच दगड पुन्हा कोसळू शकतात. डालमायर यांना हे पुस्तकातून समजलेले नव्हते. त्या स्वतः आपल्या गावच्या पर्वत-बचाव पथकाच्या सदस्य होत्या. मध्यरात्री उठून, कोणा अनोळखी माणसासाठी दोर बांधून कड्यावरून उतरणे म्हणजे काय, आणि उतरणाऱ्याच्या घरी त्या वेळी काय चाललेले असते, हे अशा पथकातील माणसालाच ठाऊक असते. त्यांनी लेखी ठेवलेली सूचना या अनुभवातून आलेली होती. तिच्यात मृत्यूविषयीचे कसलेही काव्य नाही. आपल्या निर्णयाची किंमत दुसऱ्याने मोजू नये, एवढाच तिचा अर्थ.

ती सूचना पाळणे लिहिण्यापेक्षा कठीण होते. वर मैत्रीण निश्चेष्ट पडलेली असताना पाठ फिरवून उतरणे, किंवा मदतीसाठी धावून आलेल्या निष्णात गिर्यारोहकांनी साधने हाताशी असूनही पुढे न जाणे, याला निष्ठुरपणा म्हणणारे लोक निघतीलच. त्या पथकात थॉमस हूबर यांच्यासारखा, याच पर्वतांत आयुष्य घालविलेला बव्हेरियन गिर्यारोहक होता. वर जाता आले असते काय, याचा विचार त्यांनी केला, परिस्थिती पाहिली, त्या कागदावरील इच्छा लक्षात घेतली आणि न जाण्याचे ठरविले. २९ जुलैच्या संध्याकाळी मोहीम थांबली, तेव्हा खाली आलेल्यांपैकी प्रत्येकजण जिवंत होता.