दुखणे तारेचे, औषध मीटरला

मोटारीतील पेट्रोलचा काटा बिघडला की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट घडते. मालक तो तसाच सोडून देतो आणि अंदाजाने पेट्रोल भरत राहतो. नाहीतर गाडी गॅरेजात जाते आणि कारागीर हात न लावताच सांगतो, ‘मीटर गेले, बदलावे लागेल.’ पहिल्यात एक दिवस गाडी रस्त्यात उभी राहते, दुसऱ्यात खिसा रिकामा होतो.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या व्हॅनचे उदाहरण घ्या. टाकी भरलेली असली तरी काटा रिकाम्यावर पडून राही. एका गॅरेजात मीटर बदलले, काटा हलला नाही. दुसऱ्याने टाकीतील फ्लोट बदलला. काटा दोन दिवस चालला आणि पुन्हा बसला. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्कर उस्तादांनी अर्धा तास तपासणी केली, टाकीजवळच्या अर्थच्या तारेचा स्क्रू सोडला, गंज घासून काढला आणि तार पुन्हा कसली. काटा उठला. दोन सुट्या भागांचे पैसे मुकाट्याने देणारे आमचे व्यापारी मित्र येथे मात्र म्हणाले, ‘एक स्क्रू आवळण्याचे एवढे पैसे?’ सगळा रोग या एका प्रश्नात आहे.

या काट्याची रचना अवघड नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो आणि त्याची दांडी एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते. त्या रेझिस्टन्सप्रमाणे तारेतील करंट कमीजास्त होतो आणि मीटरचा काटा हलतो. म्हणजे बिघाड चारच ठिकाणी असू शकतो : मीटर व त्याची सप्लाय, मधली तार व कनेक्टर, टाकीतील फ्लोट युनिट आणि अर्थ. यांतील तार आणि अर्थ यांना खर्च जवळजवळ नसतो, आणि नेमके तेच कोणी पाहत नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम फ्यूज पाहावा. पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे एकदम बिघडले असतील, तर टाकीकडे जाऊच नये. दोष मीटरच्या सप्लायमध्ये किंवा मीटरच्या अर्थमध्ये शोधावा. एकटा पेट्रोलचाच काटा बंद असेल तर जुन्या साध्या गाडीत फ्लोट युनिटची तार काढून चावी ऑन करावी. काटा एका टोकाला जाईल. मग ती तार लहान बल्ब मध्ये घालून अर्थला लावावी. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकेल. टाकी भरली की काही गाड्यांत रेझिस्टन्स कमी होतो, काहींत वाढतो, म्हणून कोणते टोक आधी हे गाडीगणिक वेगळे असते. जुने काटे संथ चालतात. थोडा धीर धरावा. काटा दोन्हीकडे हलला तर मीटर आणि तार निर्दोष आहेत. मग फ्लोट युनिटला वेगळी अर्थची तार जोडून पाहावी. तेवढ्याने काटा उठला तर काम झाले.

तरीही उठला नाही, तरच युनिट बाहेर काढावे. मल्टिमीटर लावून दांडी सावकाश फिरवावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला तर पट्टी झिजली आहे. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल शिरले असेल तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामा दाखवतो. एक इशारा मात्र विसरू नये. अर्थची चाचणी टाकी बंद असताना, तिच्यापासून दूरच्या कनेक्टरवर करावी. एक ठिणगी पुरेशी असते. युनिट काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, काम मोकळ्या हवेत करावे आणि विडी-सिगारेट जवळ नको.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या गाडीवर हात बसलेले कितीतरी कारागीर आजही काम करतात. पण आताच्या बहुतेक गाड्यांत फ्लोट पेट्रोल पंपाबरोबर एकाच जोडणीत असतो आणि त्याचा आकडा आधी कॉम्प्युटर वाचतो. तेथे तार थेट अर्थला लावणे धोक्याचे आहे. स्कॅनरवर आकडा पाहावा आणि टाकीतील पेट्रोलशी ताडून घ्यावा. ही अख्खी जोडणी महाग असते, म्हणून न तपासता बदलण्याचा मोह मोठा आणि गिऱ्हाइकाचे नुकसानही मोठे. जो शागीर्द आज मल्टिमीटर आणि स्कॅनर शिकणार नाही, त्याचे गिऱ्हाईक उद्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाईल.

दोष एकट्या कारागिराचा नाही. तपासणीचे पैसे मिळत नाहीत, सुट्या भागावर मात्र नफा सुटतो. मग तो भागच बदलणार. आमची सूचना साधी आहे. कारागिरांनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती काम हाती घेण्यापूर्वी सांगावी आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. व्यापाऱ्यांनी ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. आवळलेल्या स्क्रूची किंमत काही नाही. कोणता स्क्रू आवळायचा, या ज्ञानाची आहे. ज्या बाजारात ज्ञानाला मोल नाही, तेथे अज्ञानाचे बिल शेवटी गिऱ्हाईकच भरते. दोघांनीही याचा विचार करावा.