किनाऱ्यावरील शब्दधन

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून निघू लागले. तथापि कोळीवाड्यांतील बोलीचे टिपण अद्याप पुरे झालेले नाही. शिडाची गलबते गेली, यंत्राच्या नौका आल्या. ‘परबाण’ म्हणजे काय हे जाणणारे तांडेल आता वृद्ध झाले. पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचे ते भांग, असा भेद एकेका शब्दात सांगणारी वाणी अशुद्ध म्हणून हिणवावी काय? ‘म्हावरा’ म्हणणाऱ्या मुलास हसणाऱ्या शिक्षकांनी याचा विचार करावा. व्यापारी बंधूंस आमची विनंती इतकीच की, बंदरावर ऐकलेला रोज एक शब्द अर्थ व गाव यांसह वहीत टिपावा. जमाखर्च लिहिणाऱ्या हातास हे जड नाही. माणूस गेल्यावर शब्द विचारावा कोणास?